सेल्मोला एकटं राहवत नसे

११ ऑक्टोबर २०१२, गुरुवार. सकाळी आभाळ, दुपारनंतर कडक ऊन. सहाच्या मिस्साला गेले. डुकराचा सौदा झाला, तेसिंगचा जावई उद्या आणून आंब्याखाली बांधेल. पडदे धुतले. लोर्नाचा हाँगकाँगहून फोन, मालकीण रजा देत नाही, खूप रडली. पदक पुन्हा हलवलं, आता जेवणाच्या टेबलाजवळच्या खिळ्यावर. तिथेही बरं दिसत नाही.

एवढं लिहून पुरिंगलोलाने, म्हणजे पुरिंग आजीने, वही मिटली आणि लगेच उठली. खिळ्यावरची पदकाची चौकट काढली, मागच्या खोलीत नेली, कपाटावर ठेवली, आणि परत येऊन मोकळ्या खिळ्याकडे बघत उभी राहिली.

वर्षभर तिचं असंच चाललं होतं. पायाला भिंगरी लागली होती म्हणा ना. पहाटे उठून अंगण झाडायची, झाडून झालं की कोंबड्यांना हुसकून पुन्हा झाडायची. शिलाई मशीन खिडकीखालून दारापाशी आणि दारापासून खिडकीखाली सरकवून झालं होतं. शेजारची तेसिंग नात्याने तिची मामेबहीण, आणि जिभेला हाड नसलेली. ती म्हणायची, "पुरिंग, तुझ्या घरात रात्री आलेला चोर सामानाला अडखळून मरेल गं. रोज नवीन नकाशा!"

शनिवारी सेल्मोला जाऊन वर्ष होणार होतं. वर्षाचा मिस्सा झाला की घरच्यांनी काळे कपडे उतरवायचे, गावजेवण घालायचं आणि दुःखाला निरोप द्यायचा, ही रीत. पुरिंगलोलाने दोन वेळा काळं नेसून उतरवलं होतं, एकदा नवऱ्यासाठी आणि एकदा मुलासाठी. दोन्ही वेळा ते जमलं. या वेळी जमणार नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

सेल्मो तिचा नातू. आजोबांचंच नाव त्याला ठेवलेलं, आन्सेल्मो. बाप वादळात होडी घेऊन गेला तो परतलाच नाही. आई लोर्ना हाँगकाँगला दुसऱ्यांची पोरं सांभाळायला गेली आणि तिचं स्वतःचं पोर लोलाच्या पदरी पडलं. पोर काही त्रासाचं नव्हतं, पण माणसांची भारी हाव. घरी जेवायचा, मग तेसिंगकडे जेवायचा, मग कुणाच्या तरी बारशात शिरून शेवया खायचा. भूक नसायची, घोळका हवा असायचा. झोपायचा तो कायम दोघांच्या मध्ये. शाळेत शिक्षा म्हणून बाईंनी एकदा रिकाम्या वर्गात बसवलं, तर खिडकीतून शिपायाशी गप्पा मारून त्याचं लग्न जुळवायला निघाला.

फिलिपिन्समधल्या इलोइलोच्या या किनाऱ्यावरची पोरं मोठी झाली की जहाजावर जातात. सेल्मोलाही जहाजाच्या कॉलेजात घातलं. पण समोरच्या गिमारास बेटापर्यंतच्या छोट्या बोटीतही त्याला ओकारी यायची. कोळ्याचा पोर आणि बोट लागते! गावाला महिनाभर हसायला पुरलं. मग एक दिवस घरी येऊन म्हणाला, "लोला, मी सैन्यात चाललो."

"सैन्यात? तुला पाल बघून घाम फुटतो!"

"पाल वेगळी. आणि ऐक तर खरं, तिकडे एका खोलीत तीस जण झोपतात. तीस! काय मजा असेल!"

दुसरा कुणी देशासाठी जातो, कुणी पगारासाठी. हा तीस जणांसाठी गेला.

फोन करायचा तो दक्षिणेतल्या मिंदानावच्या कुठल्या तरी डोंगरातून, आणि मागे नुसता गोंगाट. "लोला, थांब, याच्याशी बोल. लोला, हा सार्जंट, याला सांग मी लहानपणी किती शहाणा होतो." अनोळखी पोरं लाजत लाजत तिला नमस्कार सांगायची आणि ती प्रत्येकाला जेवलास का विचारायची.

मग गेल्या ऑक्टोबरात गाडी आली, झेंड्यात गुंडाळलेली पेटी आली. सैनिकांनी बंदुकीच्या फैरी झाडल्या, तेसिंगची कोंबडी घाबरून विहिरीत पडली. नऊ दिवस प्रार्थना झाल्या. लोला रडली, जेवली, सगळं नीट झालं. भिंगरी लागली ती नंतर, पदकाच्या दिवशी.

छावणीत मोठा मांडव होता. पदक आईच्या हाती द्यायचं म्हणून लोर्नाला पुढे बसवलं, लोला मागच्या रांगेत. एका तरुण अधिकाऱ्याने खणखणीत आवाजात वाचलं: शत्रूने टेकडीला वेढलं तेव्हा शिपाई आन्सेल्मो तुमाबिनी मशीनगनसह मागे राहिला, जखमी साथीदार खाली उतरेपर्यंत त्याने एकट्याने टेकडी राखली आणि एकट्याने मृत्यूला कवटाळलं. टाळ्या पडल्या. लोर्ना हुंदके देत होती. लोलाच्या कानात मात्र तो एक शब्द खिळ्यासारखा रुतून बसला. एकट्याने.

कॉन्व्हेंटच्या शाळेत मदर बेनिग्नाने मुलींकडून पाठ करून घेतलं होतं: मरणाऱ्याच्या कानात तीन नावं घ्यायची, येशू, मारिया, योसेफ. डोळे आधी जातात, मग जीभ. कान सगळ्यात शेवटी मरतो. त्या कानात नाव पडलं नाही तर जीव वाट चुकतो. लोलाने आपल्या आईच्या कानात नाव घेतलं होतं, नवऱ्याच्या घेतलं होतं. मुलाच्या वेळी समुद्राने संधी दिली नाही, पण त्याच्या होडीवर आणखी दोघे होते, त्यांनी एकमेकांसाठी घेतलं असेल अशी तिने समजूत घातली. आणि आता हा, ज्याला रिकामा वर्ग सोसला नाही, तो टेकडीवर एकटा.

तिने त्याच मांडवात अधिकाऱ्याला गाठलं. "त्याच्याजवळ कोण होतं हो शेवटी?"

"कुणीच नाही, म्हणूनच तर तो वीर," अधिकारी आदराने म्हणाला.

खाण्याच्या टेबलावर तिने तुकडीतल्या पोरांना विचारलं. सगळी आपापल्या बशीत बघायला लागली. दाराशी एक सावळा, बारीक पोरगा उभा होता. त्याच्याकडे ती निघाली तर तो काही न खाताच बाहेर पडला.

मग पॅरिशच्या फादरना विचारलं. ते म्हणाले, "लोला, देव होता त्याच्याजवळ."

"देव होताच हो फादर. पण देव स्वतःचंच नाव त्याच्या कानात कसं घेईल?"

फादर हसले नाहीत. त्यांनी तिच्या कपाळावर क्रूस रेखला.

गावाला मात्र तो शब्द फार आवडला. शाळेतल्या भाषणात आला, फिएस्ताच्या, म्हणजे गावजत्रेच्या, मिरवणुकीत आला. आता कपितानाने, म्हणजे गावच्या प्रमुख बाईने, जीपनीच्या, वडापच्या लांब जीपगाडीच्या, थांब्यावर सेल्मोच्या नावाची शेड बांधली होती. शनिवारी मिस्सा झाल्यावर फादर त्या शेडवर पवित्र पाणी शिंपडणार होते. लोलाने सार्जंटला निरोप धाडला होता, तुकडीतल्या ज्याला जमेल त्याने यावं. येईल त्याला विचारायचं, एवढंच तिने धरून ठेवलं होतं.

शुक्रवारी सकाळी डुक्कर आलं आणि आंब्याखाली किंचाळत बसलं. त्याच्या मागोमाग ट्रायसिकल रिक्षातून पाठीवर सैनिकी पिशवी घेतलेला पोरगा उतरला. छावणीच्या दारातून निघून गेलेला, तोच. त्याने रीतीप्रमाणे मान म्हणून लोलाचा हात कपाळाला लावला.

"मी बासित, लोला. सेल्मोचा..."

लोलाने तोंड उघडायच्या आत तेसिंगने त्याला बाकावर बसवलंसुद्धा. मदतीला आलेल्या बायकांसाठी तिने बाजारातून दिनुगुआन आणलं होतं, डुकराच्या रक्तातलं दाट काळं कालवण, सोबत तांदळाचे पांढरे वाफवलेले पुतो. भरलेली बशी तिने त्याच्यापुढे ठेवली. "खा बाळ. प्रवासाने पार वाळून गेलायस."

पोरगा पुतो कोरडाच चावत राहिला.

"अरे, बुडवून खा! आवडत नाही? आमच्या गावचं कालवण काय वाईट आहे? सेल्मो तीन बशा ओढायचा. सैनिक ना तू? की जहाजावरच्या साहेबांसारखे नखरे?"

"पोट भरलंय, मनांग," मोठ्या बहिणीला म्हणावं तसं तो अदबीने म्हणाला.

"एका पुतोने? मग बायकोला काय उचलशील रे! मोजून एक घास घे माझ्या हातचा, नाहीतर मी रुसेन." आणि तेसिंगने चमचा भरून त्याच्या तोंडापाशी नेला.

पोरगा बाकासकट मागे सरकला. कालवण सांडलं, त्याच्या शर्टावर, बाकावर. तेसिंग "अगं बाई" म्हणत फडकं शोधायला धावली. लोलाने एकदा पोराच्या तोंडाकडे पाहिलं आणि सगळं ओळखलं.

"तेसिंग, व्हिनेगर संपलंय. घेऊन ये."

"काल तर दोन बाटल्या..."

"संपलंय म्हणते ना."

तेसिंग पुटपुटत गेली. लोलाने पोराला मागच्या विहिरीवर नेलं, बादलीभर पाणी काढून दिलं, साबण दिला. तो शर्ट चोळत राहिला आणि ती सेल्मोच्या आजोबांचा जुना सदरा हातात धरून उभी राहिली.

"छावणीतही म्हणूनच जेवला नाहीस?"

त्याने ओठ पुढे काढून स्वयंपाकघराकडे खूण केली. "तिथेही हेच होतं, लोला. हेच आणि कातडी भाजलेलं एक अख्खं."

"म्हणजे तू मुसलमान."

"हो. मिंदानावचाच, कोताबातोकडचा."

वर्षभर तिने मनात एक चेहरा रंगवला होता: कुणीतरी येईल, म्हणेल मी होतो तिथे, मी घेतली तीन नावं. आता आला तो हा. तरीही तिने विचारलं, कारण न विचारता ती उभी राहू शकत नव्हती.

"त्याच्याजवळ कोण होतं?"

"कागदावर लिहिलंय ना, लोला."

"कागद मला पाठ आहे. मी तुला विचारतेय."

पोराने शर्ट पिळला, पुन्हा भिजवला, पुन्हा पिळला. मग खाली बघतच म्हणाला, "मी होतो."

लोला विहिरीच्या काठावर बसली. कितीतरी दिवसांनी कुठेतरी बसली.

तो तुटक तुटक सांगत गेला. सार्जंटच्या पायात गोळी होती. बासितला हुकूम होता, सार्जंटला खाली न्यायचं आणि त्याला सोडून हलायचं नाही. त्याने खाली नेलं, झाडाआड ठेवलं. वर मशीनगन वाजत होती, मग थांबत थांबत वाजायला लागली, मग थांबली. "मी हुकूम मोडला, लोला. परत चढलो. तो पडला होता, पोटात लागलं होतं. मला बघून शिव्याच घातल्या त्याने. मूर्खा, कशाला आलास, आता तुला काही झालं तर तुझी आई मला शिव्या देईल."

"अशाच द्यायचा," लोला म्हणाली.

"मी परतलो तेव्हा सार्जंट म्हणाला, तू वर गेलाच नव्हतास, कळलं? माझा एक चुलतभाऊ पलीकडच्या बंडखोरांत आहे. सगळ्यांना ठाऊक आहे ते. जखमी सार्जंटला टाकून हा कुठे गेला होता, कुणाला भेटला, असं कुणी विचारलं असतं तर मी काय दाखवणार होतो? म्हणून सार्जंटने लिहिलं, एकट्याने. मग त्या शब्दावर पदक आलं. आता मी बोललो तर मी जाईन, सार्जंट जाईल, पदकही जाईल कदाचित. म्हणून छावणीत मी... तुम्ही माझ्याकडेच यायला निघाला होतात."

"पदकाचं राहू दे. तो किती वेळ होता?"

"बराच. त्याला माझा हात दिसत नव्हता नंतर. सारखा विचारायचा, आहेस ना? मी म्हणायचो, आहे. परत विचारायचा, आहेस ना?"

लोला ताडकन उठली. अंगणाच्या टोकाला, जिथे जुना संडास होता आणि आता नुसतीच केळ उरली होती, तिथपर्यंत गेली. लहानपणी रोज संध्याकाळी सेल्मो आत बसायचा आणि ती बाहेर कंदील धरून उभी. लोला, आहेस ना? आहे. लोला, गेलीस? अरे आहे बाबा, आटप! सातवीत गेला तरी. तेसिंग म्हणायची, लग्नाच्या रात्री हा बायकोला बाहेर उभी करणार.

ती परत आली तेव्हा पोरगा ओला शर्ट हातात घेऊन तसाच उभा होता. तिने सदरा त्याच्या खांद्यावर टाकला.

"आता नीट सांग. त्याच्या कानात काही म्हणालास?"

पोराने मान वर केली. बहुधा हाच प्रश्न येणार हे त्याला माहीत होतं आणि याच प्रश्नाला तो वर्षभर भीत होता.

"आमच्यात मरणाऱ्याच्या कानात कलमा म्हणतात, लोला. तुमचं काय म्हणतात ते मला येत नव्हतं. त्याच्या गळ्यातली माळ त्याच्या हातात दिली आणि... आमचंच म्हटलं. दुसरं काही येतच नव्हतं. मी चूक केली असेन तर..."

"तो काय म्हणाला?"

"म्हणाला, बासित, काय पुटपुटतोयस? मी मरतोय का? मी म्हटलं नाही रे, आमच्याकडचं गाणं आहे. तर म्हणाला, फार घाण गातोस." पोराने ओल्या शर्टाने नाक पुसलं. "मग म्हणाला, म्हण, थांबू नको."

आंब्याखाली डुक्कर पुन्हा किंचाळलं. लोलाने तिकडे वळून "गप रे!" म्हटलं.

"अर्थ काय त्याचा?"

"देव एकच, दुसरा नाही."

"एवढंच?"

पोरगा घुटमळला. "आणखी अर्धं आहे. आमच्या पैगंबरांचं नाव."

"तेही म्हणालास?"

"म्हणालो, लोला."

मदर बेनिग्ना असती तर तिने भुवई चढवली असती, पट्टी टेबलावर आपटली असती, आणि मग काय म्हटलं असतं ते लोलाला सुचेना. मदरने शेवटी एवढंच शिकवलं होतं की कान रिकामा राहू नये.

"बरं केलंस," ती म्हणाली. "प्रार्थना अर्धी सोडू नये."

पोरगा तिथेच ओल्या फरशीवर खाली बसला आणि रडायला लागला, मोठ्याने, लहान मुलासारखा. लोलाने त्याला रडू दिलं. मग त्याच्या दंडाला धरून म्हणाली, "ऊठ. चल माझ्याबरोबर. आणि तिथे तोंड उघडायचं नाही. बोलायचं ते मी बोलेन."

जीपनीच्या थांब्यावर कपिताना नेनिंग कमरेवर हात ठेवून रंगाऱ्याला सूचना देत होती. निळी शेड, पांढरी अक्षरं: सोबत्यांना वाचवण्यासाठी एकट्याने प्राण देणारा गावाचा सुपुत्र, शिपाई आन्सेल्मो तुमाबिनी.

"या, या लोला! कसं दिसतंय? रडू नका हं आत्ता, रडणं उद्यासाठी ठेवा."

"छान आहे. तो एक शब्द काढ."

"कुठला?"

लोलाने बोट दाखवलं. कपितानाने आधी बोटाकडे, मग लोलाच्या तोंडाकडे पाहिलं. "एकट्याने? अहो लोला, तो शब्द काढला तर राहिलं काय? प्राण काय, कुणीही देतं! मेयरसाहेब उद्या त्याच शब्दावर भाषण करणारेत. शेजारच्या गावातल्या लोकांचे डोळे फुटतायत या शब्दासाठी."

"मेयरला दुसरा शब्द मिळेल. एवढा शिकलाय."

"पण सरकारने लिहिलंय ना तसं! खोटं आहे का?"

मागे बासितचे पाय खडीवर सरकल्याचं लोलाला ऐकू आलं. ती वळली नाही. खोटं बोलायची तिला सवय नव्हती, आणि खरं सांगायची मुभा नव्हती. ती फळीच्या बाकावर टेकली, गुडघे चोळले.

"नेनिंग, तू त्याला लहानपणी खेळवलंस. तो कधी एकटा बसलेला पाहिलास?"

कपितानाने कमरेवरचे हात काढले. "नाही हो. माझ्या बहिणीच्या लग्नात तर नवरानवरीच्या मध्ये बसला होता, फोटोत आहे."

"मग? या थांब्यावर पावसापाण्याचं माणसं येऊन बसणार, गप्पा मारणार. त्यांच्या डोक्यावर तो शब्द कशाला? त्याला एकटं राहायला आवडायचं नाही. आवडलं नसतं त्याला. मी त्याची लोला आहे, मी सांगते."

"तुम्ही म्हणजे ना, लोला! म्हातारपणी भलतेच हट्ट." कपितानाने कपाळावर हात मारला, पण रंगाऱ्याकडे वळून ओठांनी त्या शब्दाकडे खूण केली. "मार निळा."

रंगाऱ्याने कुरकुरत ब्रश फिरवला. ओळीच्या मध्ये चांगली वीतभर जागा मोकळी पडली. "हे वाईट दिसतं, कपिताना. दात पडल्यासारखं. इथे एखादं फूल काढू? तारा?"

"काही काढू नको," लोला म्हणाली. "असू दे जागा."

"आणि हा कोण पोरगा?" कपितानाचं आता लक्ष गेलं. आजोबांच्या ढगळ सदऱ्यात बासित खांबाला टेकून उभा होता.

"हा बासित. सेल्मोबरोबर होता."

ते एवढं सरळ होतं की कपितानाला त्यात काही सापडलं नाही. तिने त्याचा हात हलवला. "उद्या जेवून जा हं. एवढं मोठं डुक्कर आणलंय लोलाने!"

परतताना लोलाने वाट वाकडी केली. संध्याकाळच्या होड्या लागल्या होत्या. तिने बांगडे निवडून घेतले, कोळणीशी नेहमीसारखं भांडली, मग भांड्यांच्या दुकानात शिरली. बासित पिशवी धरून तिच्या मागोमाग चालत होता. घरी तेसिंग व्हिनेगरच्या तीन बाटल्या पुढ्यात घेऊन फुगून बसली होती. सगळं कळल्यावर, म्हणजे पोरगा मुसलमान आहे एवढंच कळल्यावर, तिने दोन्ही हात तोंडावर घेतले. "आणि मी त्याच्या तोंडात चमचा कोंबत होते! बाळा, माझ्या तोंडात मार. मार म्हणते ना!" बासित हसला, पहिल्यांदाच.

जेवणं झाली. काळा पोशाख शनिवारी मिस्सा झाल्यावर घडी करून ठेवायचा म्हणून लोलाने कपाटात आधीच जागा केली. मग टेबलाशी बसून तिने वही उघडली. शेड पाहून आले, लिहिलं. सेल्मोचा मित्र आला, लिहिलं. आणि त्याखाली: जुन्या कढयांना डुकराची चरबी लागलेली, म्हणून नवीन घेतली, बांगडे तिच्यात तळले. झाकण नीट बसत नाही, सोमवारी बदलून आणायचं.